कपाळाला लावलेला हात

मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत मी ज्या घरात राहत होते, तिथली मुलं शाळेतून आली की आधी आजीसमोर जात. वाकून तिचा हात स्वतःच्या कपाळाला लावत आणि म्हणत, ‘मानो पो.’ आजी, म्हणजे तिथली ‘लोला’, ‘देवाची कृपा असो’ म्हणे. मोठ्यांच्या पाया पडत वाढलेल्या मला पहिल्याच संध्याकाळी घरच्यासारखं वाटलं. महिनाभराने मात्र एक गोष्ट खुपू लागली. आशीर्वाद देताना लोलाची नजर टीव्हीवर असे. हात कपाळाला लागून सुटे आणि मुलाकडे बघायचं राहून जाई.

बालहक्कांचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. फिलिपिन्सशी माझी ओळख झाली ती एका यात्रेमुळे. १७ जानेवारी १९९८ रोजी बालमजुरीविरोधी जागतिक पदयात्रा मनिलातूनच निघाली. कैलाश सत्यार्थी तिच्या अग्रभागी होते. ती जिनिव्हाला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी बालमजुरीच्या सर्वांत घातक प्रकारांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८२ क्रमांकाचा करार झाला. ज्या शहरातून मुलांनी चालायला सुरुवात केली, त्या शहरातल्या घरांत मुलांचं काय स्थान आहे, ते मला पाहायचं होतं.

कायद्यांत हा देश मागे नाही. १९७४ साली तिथे बाल व युवक कल्याण संहिता आली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात तो १९९० साली सामील झाला आणि १९९२ साली छळ व शोषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २००६ साली फौजदारी जबाबदारीची वयोमर्यादा ९ वरून १५ वर गेली. लैंगिक संमतीचं वय १९३० च्या दंडसंहितेपासून १२ होतं, ते २०२२ साली १६ झालं. आणि तरीही, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दहापैकी आठ मुलामुलींनी कुठल्या ना कुठल्या हिंसेचा अनुभव सांगितला. शारीरिक हिंसेच्या निम्म्याहून अधिक घटना घरातच घडलेल्या होत्या.

घरातल्या माराला तिथे ‘पालो’ म्हणतात. चपलेचा फटका, कान पिळणं, मुगाच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावणं, हे सारं त्यात येतं. हा मार थांबवून शिस्तीच्या अहिंसक पद्धती रुजवणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ते फेटाळलं. जबाबदार पालक संयमानेच मारतात आणि मुलं तो मार प्रेमाची शिस्त म्हणून आठवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते अनेक घरांना पटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुलांचे हक्क हे परक्यांचं खूळ आहे, आपली संस्कृती वेगळी, असं सांगणारे तिथेही पुष्कळ भेटतात.

मला हे म्हणणं मान्य नाही, आणि त्याला उत्तर त्यांच्याच भाषेत आहे.

‘उतांग ना लोओब’ हा तिथल्या संस्कारांचा कणा. उतांग म्हणजे ऋण, लोओब म्हणजे माणसाचं अंतरंग. ज्याने आपल्यासाठी काही केलं, त्याचं हे आतलं ऋण पैशाने फिटत नाही. आईवडिलांचं तर कधीच नाही. याच ऋणापोटी थोरली मुलगी शिकायच्या वयात धाकट्यांची आई होते. सुमारे एक कोटी फिलिपिनो परदेशात आहेत. कितीतरी घरांत आई हाँगकाँग नाहीतर दुबईला, आणि घर तेरा वर्षांच्या ताईच्या अंगावर. माझ्या घरातली थोरलीही अशीच होती. तुला स्वतःला काय हवंय, असं मी एकदा विचारलं. ती गोंधळून म्हणाली, ‘मला? काही नाही.’ दुसरा शब्द ‘हिया’, म्हणजे लाजलज्जा, भीड. ‘वालांग हिया’, निर्लज्ज, ही मोठी शिवी. उलट बोलणारं मूल याच शिवीला भितं. अत्याचार झाला तरी घराची लाज राखायला गप्प बसणारं मूलही तिलाच भितं.

पण ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’ ही देशी मानसशास्त्राची परंपरा उभी करणारे विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी या मूल्यांच्या मुळाशी ‘काप्वा’ दाखवली. समोरचा परका नाही, माझ्या असण्यात त्याचाही वाटा आहे, ही ती जाणीव. मग मूल काप्वा नाही का? आणि हक्काला तिथे शब्द आहे ‘कारापातान’. त्याच्या मुळाशी ‘दापात’ आहे, म्हणजे जे असायलाच हवं ते. ज्या भाषेत हक्क हा शब्दच औचित्यातून जन्मला, तिथे हक्क परके कसे?

बारांगाय हा तिथला सर्वांत लहान शासकीय घटक. देशात असे ४२ हजारांहून अधिक आहेत आणि प्रत्येकात बालसंरक्षण समिती असणं अपेक्षित आहे. अशाच एका बारांगायच्या सभागृहात पालकांची बैठक होती. लोलाही आली होती. एक रिक्षावाला बाप उठून म्हणाला, ‘मार खाल्ला म्हणून माणूस झालो.’ बैठक घेणारी कार्यकर्ती वाद घालत बसली नाही. तिने विचारलं, ‘मार खाल्ल्यावर कुठे जायचास?’ तो म्हणाला, ‘माझ्या लोलाकडे. ती भात वाढायची.’ तिने पुन्हा विचारलं, ‘मग माणूस कुणी केलं? चपलेने की लोलाने?’ तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या एका प्रश्नाने ऋणाची दिशा दाखवली. मुलावर आपलं ऋण आहे, तसं आपल्यावरही मुलाचं आहे: त्याला जवळ घेण्याचं, त्याचं ऐकण्याचं. ते आतलंच ऋण आहे. संस्कृतीने ते सांगितलेलंच होतं, आपण त्याची अर्धीच बाजू पाठ केली.

कायदे हवेत. फेटाळलेलं ते विधेयकही पुन्हा यायला हवं. पण कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. आत त्याला घरच्या शब्दांचा हात धरूनच जावं लागतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी थोरली शाळेतून आली. वाकली, हात कपाळाला लावला. लोलाने आशीर्वाद दिला, पण हात सोडला नाही. टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, ‘आज दमलीस का गं?’ मुलगी सवयीने ‘नाही’ म्हणाली. लोला हात धरून तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने मुलगी तिच्या शेजारी टेकली आणि हळू आवाजात बोलू लागली.