किड्याची जात

संपादक मित्रानं या अंकासाठी कविता मागितली होती. कविता लिहून झाली होती. मी ती फाडली. का फाडली ते लिहून पाठवतो आहे. विषय किड्याचा आहे. हसू नका.

शाळेत मला शेणकिडा म्हणायचे. आय पहाटे पाटी घेऊन माळावरचं शेण गोळा करायची, गोवऱ्या थापायची, विकायची. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागं. तेवढ्यावरून नाव पडलं. एकदा विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, ‘भुंगेऱ्यांच्या जाती’. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘गुरुजी, ह्या शेणकिड्याची जात कंची?’ वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्या धड्यातलं पुढचं मला काही ऐकू आलं नाही. दहावीनंतर शाळा सुटली. तो प्रश्न काही सुटला नाही.

आमचं सारोळं नीरेच्या काठावर. पुणे–बंगलोर रस्ता गावाला चाटून जातो, पूल ओलांडला की सातारा जिल्हा. मी नदीपल्याडच्या गिरणीत बदली कामगार आहे. हजेरी मिळाली तर रातपाळी, नाही मिळाली तर घरी. गेल्या पावसाळ्यात असाच घरी बसलो होतो, तेव्हा पुण्याहून किड्यांचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी आला. त्याला खड्डे खणायला, रानात सोबत फिरायला माणूस पाहिजे होता. रोजंदारी बरी होती. गेलो.

काम साधं. प्लास्टिकचा पेला जमिनीत तोंडापर्यंत पुरायचा, त्यात थोडं साबणाचं पाणी. वर काडीला पातळ फडक्यात बांधलेली शेणाची पुरचुंडी टांगायची. वासानं किडा येतो आणि पेल्यात पडतो. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजायचं. असे पेले आम्ही सारोळ्याच्या माळावर पुरले, भोरच्या पुढं पुरले आणि पार वरंध घाटाच्या माथ्यावरच्या जंगलात पुरले. तिथून खाली कोकण, खाली महाड. त्या रस्त्यानं मी दर वीस मार्चला चवदार तळ्यावर जातो. त्याच रस्त्यावर किडे मोजत बसेन असं कधी वाटलं नव्हतं.

तो विद्यार्थी माझ्याच वयाचा. मी त्याला सर म्हणायचो, तो मला नुसतं नावानं हाक मारायचा. तो हातमोजे घालायचा. शेण आणायचं काम माझ्याकडं आलं. कुणी ठरवलं नव्हतं, तरी आलं.

पण पेल्यात जे दिसलं त्यानं मी चाट पडलो. शेणकिडा म्हणजे एक काळा किडा एवढंच मला माहीत. तिथं किती तऱ्हा! ज्वारीच्या दाण्याएवढे बारके, त्यांचं घराणं ऑन्थोफॅगस, एकट्या या घराण्यात जगभर दोन हजारांवर प्रकार. अंगठ्याएवढा, काळाकुळकुळीत, रात्री उडणारा कॅथार्सियस. दिवसाउजेडी गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेणारा जिम्नोप्ल्यूरस. शेणावर जगणाऱ्यांच्या तीन रीती असतात. काही गोळी करून लांब नेतात. काही शेणाच्या पोहाखालीच बोगदा खणून माल आत उतरवतात. काही पोहातच राहतात. एकाच गाईच्या एकाच पोहात तिघं नांदतात.

सगळेच काही शेण खाणारे नसतात. आमच्या कोरड्या माळावर काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा शिकारी भुंगेरा पळतो, अँथिया त्याचं नाव. पकडायला गेलं तर आम्लाची पिचकारी मारतो. दगडाखाली ओल धरून राहणारा एक असतो, त्याच्या पोटात दोन रसायनं एकत्र येतात आणि जवळजवळ उकळत्या पाण्याएवढा गरम फवारा फट्‌दिशी मागून सुटतो. काजव्याची आळीसुद्धा जमिनीवरच राहते, गोगलगाई खाते. माळावरचे वेगळे, घाटमाथ्यावरच्या दाट सावलीतले वेगळे. जगात आजवर नाव दिलेले भुंगेरे साडेतीन ते चार लाख प्रकारचे आहेत. माहीत असलेल्या प्राण्यांत दर चार-पाचांत एक भुंगेरा.

आता मुद्द्याचं. घाटात एका टपरीवर आम्ही चहा प्यायला थांबलो. तिथं बसलेल्या एका काकांनी आमचे पेले न्याहाळले, काम विचारलं. मग कौतुकानं म्हणाले, ‘बघा, निसर्गानं कसं नेमून दिलंय. शेण उचलायचं त्यानं, मध गोळा करायचा मधमाशीनं. ज्यानं त्यानं आपलं काम केलं की जग नीट चालतं. आपल्या जुन्या लोकांनी हेच ओळखून व्यवस्था लावली होती.’ विद्यार्थ्यानं मान हलवली. मी चहाचा कप खाली ठेवला. उत्तर सुचलं नाही. मित्रांनो, राग होता, उत्तर नव्हतं. आपल्यापैकी पुष्कळांचं असं होतं.

त्याच आठवड्यात मी ती कविता लिहिली. आम्ही शेणकिडे, आम्ही तुमची घाण पोटात घालतो, आमच्या पाठीवर तुमचं जग, असं काहीतरी. मला ती फार जळजळीत वाटली. आज्याला वाचून दाखवली. आजा ऐंशीच्या घरात आहे. दहा-अकरा वर्षांचा असेतो बापाबरोबर गावची मेलेली ढोरं ओढायचा. मेलेलं ढोर खाऊ नका, असलं लाजिरवाणं जिणं टाकून द्या, हे बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत १९२७ च्या मार्चमध्ये सांगितलं. आमच्या वाड्यानं ढोर ओढणं बंद केलं ते १९५६ नंतर. डोंगर उतरला की महाड, तरी तो शब्द अमलात यायला तीस वर्षं गेली.

आजा कविता ऐकून म्हणाला, ‘किडा शेण कुणासाठी नेतो?’

मी म्हणलं, ‘स्वतःच्या पोरांसाठी. त्यात अंडं घालतो. आळी तेच खाऊन वाढते.’

‘मग? त्यो आपल्या पोरांसाठी नेतो. आमी ढोर वढायचो ते पाटलाच्या दारात वास नको म्हणून. नाय वढलं तर वस्तीवर माणसं चालून यायची. त्या किड्यावर कोण चालून येतंय का? तू आमाला किड्यात बसवतोस, आन्‌ त्यो टपरीवाला बी तेच करतोय.’

मी कविता फाडली ती या वाक्यावर.

मग रातपाळीला साच्यांच्या गोंगाटात मी एकेक गोष्ट जुळवत गेलो. इथं लिहितो, कारण शिबिरात, टपरीवर, कधी ऑफिसात हा सवाल तुमच्या पुढ्यात येणार आहे.

पहिली गोष्ट. शेणकिड्याला शेण हे काम नाही, अन्न आहे. वासावरून स्वतः उडत येतो. दुसरा त्याची गोळी पळवतो, तेव्हा तो भांडतो. जी गोष्ट पळवण्यासाठी भांडण होतं ती घाण नसते, ती संपत्ती असते. आमच्या वाट्याला जे काम होतं ते पळवायला कुणी कधी आलं का? मेलेल्या ढोरासाठी दुसऱ्या वाड्याची माणसं आमच्याशी भांडली का? माणसानं हातानं मैला उचलू नये म्हणून १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. तरी गटारात उतरून माणसं मरतात. तिथं कुणी वासानं उडत गेलेलं नसतं.

दुसरी गोष्ट त्या ‘जात’ शब्दाची. आपल्या भाषेत किड्याची जात आणि माणसाची जात याला एकच शब्द. इथंच मेख आहे. गोळी ढकलणारा जिम्नोप्ल्यूरस आणि बोगदा खणणारा कॅथार्सियस यांचं लग्न लावायला कुणी बंदी घातलेली नाही. त्यांचा वंश एकत्र चालूच शकत नाही, म्हणून ते वेगळे. माणसांचं उलटं. आपला वंश एकत्र चालू शकतो, म्हणूनच तर बंदी घालावी लागते, पंचायत बसवावी लागते, पोरापोरींचे गळे कापावे लागतात. जे निसर्गानं वेगळं केलं त्याला राखणदार लागत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या त्या न झालेल्या भाषणात हेच मांडलं आहे: पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, जात ही एकाच वंशाच्या माणसांत घातलेली फाळणी. आणि ती नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे. पुस्तकवाल्यांनी किड्यांसाठी ‘प्रजाती’ हा शब्द चालवला आहे. तो आपणही वापरावा. माणसाला मात्र प्रजाती एकच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. त्या ऑन्थोफॅगसमधल्या काही प्रजातींत मोठ्या नरांना डोक्यावर शिंगं असतात, बारक्यांना नसतात. शिंगवाला बोगद्याच्या तोंडाशी पहारा देतो, आपला मालकी हक्क गाजवतो. शिंगं कुणाला येणार? मला वाटलं बापाला असतील त्याला. विद्यार्थी म्हणाला, तसं नाही. आळी असताना ज्याला पोटभर शेण मिळालं त्याला शिंगं, ज्याचा गोळा लहान त्याला नाहीत. म्हणजे एकाच आयबापाची पोरं, एक शिंगवाला, एक बोडका. फरक रक्ताचा नाही, वाट्याला आलेल्या घासाचा. काकांना निसर्गाचं उदाहरण पाहिजे होतं ना? हे घ्या.

आणि एक. बोडका नर दारात रडत बसत नाही. तो बाजूनं दुसरा बोगदा खणतो आणि आत जातो.

किड्यावाचून काय होतं तेही कळलं. ऑस्ट्रेलियात १७८८ ला गोऱ्यांनी गुरं नेली. तिथल्या किड्यांना कांगारूच्या सुक्या लेंड्यांची सवय, गाईच्या पोहाला ते फारसे शिवेनात. शेण महिनोन्‌महिने कुरणात पडून राही, गवत मरे, माश्या उठत. शेवटी बोर्नेमिसा नावाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९६० च्या दशकापासून बाहेरून शेणकिडे नेऊन सोडले. आपल्याकडं ते फुकट आहेत आणि आपण ते मारतो आहोत. गुरांना जंतावर आयव्हरमेक्टिन देतात, ते शेणात उतरतं आणि आळ्या मरतात. ट्रॅक्टर आला, बैल गेले, माळावर शेणच कमी. आयची पाटी आता अर्धीच भरते. शेत नांगरणारा शेतकरी म्हणवतो. या माळाची माती रोज रात्री खालीवर करणाऱ्याचं नावसुद्धा गावाला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी विद्यार्थी टाचणीला लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होता. प्रत्येक किड्याखाली चिठ्ठी असते: गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. सगळ्यांवर त्याचंच नाव. मी विचारलं, ‘सर, सारोळ्याचे पेले तर मी एकट्यानं पुरले. तुम्ही त्या दिवशी पुण्याला होता.’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘खरं आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा.’ पहिल्यांदाच ‘तुमचं’ म्हणाला. सारोळ्याच्या चिठ्ठ्या त्यानं माझ्यासमोर पुन्हा लिहिल्या. एका पेटीत आता माझं नाव आहे, माझ्या गावाच्या नावाशेजारी. त्यात जात कुठंच लिहिलेली नाही, किड्याची लिहिली आहे.

त्या टपरीवर मी पुन्हा गेलो होतो. काका भेटले नाहीत. भेटतील. आता उत्तर तयार आहे.

जय भीम.