घरटी एक सायकल

आमच्या नीरा नरसिंहपुरात सायकल घरटी एक, आणि तीही घराची, कुणा एकाची नव्हे. पहाटे ती दुधाच्या किटल्या घेऊन जायची, दुपारी भाकरी घेऊन रानात, दिवेलागणीला दळण आणायला. पोरांच्या वाट्याला ती उरल्यासुरल्या वेळात यायची. काळी, दांडीची, ॲटलास नाहीतर हर्क्युलस, आजोबांच्या मापाची. सीटवरून पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची. कैची जमली की दांडी, दांडी जमली की सीट. मधे कुठं ढोपरं फुटली, तर घरचे आधी सायकल उलटीपालटी करून बघायचे, मग आम्हाला.

1958च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकलवर कर घ्यायची तरतूद आहे. आमच्या आज्यांना कायदा ठाऊक नव्हता, पण घरपट्टीवाला बोळात शिरला की भिंतीला टेकलेल्या सायकलीवर आपसूक वाकळ वाळत पडायची.

पंक्चर काढणं हा तर सोहळाच. टायर उचकटायला चमच्याची दांडी. ट्यूबमधे हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बोटभर-बोटभर सरकवायची. बुडबुडे आले की तिथं काडेपेटीची काडी खोचायची, जागा पुसायची, कानशीनं घासायची, सोल्युशन लावून फुंकर मारायची आणि जुन्या ट्यूबचं ठिगळ दाबून बसवायचं. ठिगळावर ठिगळ पडलं तरी ट्यूब टाकायची नाही. अगदीच गेली तर तिच्या पट्ट्या कापायच्या, कॅरियरला ओझं बांधायला. दसऱ्याला हीच सायकल धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून पुजायची.

अशा सायकलीवर आम्ही गाव शिकलो. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि मधे जिभेसारखी निमुळती जमीन. तिच्या टोकाशी लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, खाली घाट. नीरेपलीकडं माळशिरस तालुका, भीमेपलीकडं माढा. म्हणजे नदी ओलांडली की जिल्हाच बदलायचा! सायकल होडीत घालून पलीकडं न्यायची, अन् ओल्या वाळूतून ढकलत काढताना सोबत्यांशी भांडण ठरलेलं. पाऊसकाळात घाटावर जाऊन पाणी किती पायऱ्या चढलं ते बघून यायचं आणि गल्लीत सांगायचं. सांगताना एकदोन पायऱ्या वाढायच्याच. वैशाखात नृसिंह जयंतीला चाकं फिरवायलाही जागा नसायची. आषाढीआधी तुकोबांची पालखी नीरेकाठच्या सराटीला आली की डबल सीट, ट्रिपल सीट आम्ही तिकडं. नीरास्नान वारकऱ्यांचं, आम्हाला ओढ खेळण्यांच्या पालांची.

पण खरी मौज गळिताच्या हंगामात. उसाची ट्रॉली दिसली की एका हातानं हँडल, दुसऱ्यानं कांडं. ट्रॅक्टरवाला मागं वळून शिव्या द्यायचा, पण थांबायचा नाही.

1980मधे उजनी धरण पूर्ण झालं आणि आमच्या सायकलींच्या वाटाही बदलल्या. जिथं शाळू-बाजरीतून लांबवर देवळाचं शिखर दिसायचं, तिथं दुतर्फा ऊस उभा राहिला. वळणावर समोरून कोण येतंय कळेना, घंटी वाजवत जावं लागे. नदीकाठी मोटारी आल्या, पाइपलाइनी आल्या, हाती पैसा आला. पैसा आला तशा दारात फटफट्या आल्या. वाईट झालं असं कसं म्हणावं? आडल्यानडल्याला सायकलीवर बसवून बावड्याला दवाखान्यात नेताना काय हाल होत, ते आम्ही पाहिलेत. आता इंदापूर-अकलूजकडचा पालखीमार्ग चौपदरी. त्यावर सायकल घालायची म्हणजे छातीत धडकी भरते. आमच्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020ला बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनालाच.

एक मात्र मनापासून आवडतं. आमच्या बहिणींना आयुष्यभर कॅरियरवरच बसवलं आम्ही. आता त्यांच्या नाती दप्तर अडकवून, तिघी-तिघी रांग करून सायकलीनं शाळेला जातात आणि वाटेतल्या टोळक्याला घंटी वाजवून बाजूला सारतात.

कुलदैवताला येणारे पुण्या-मुंबईचे पाव्हणेही हल्ली गाडीच्या टपावर सायकली बांधून आणतात. परवा एकाची गिअरची सायकल पारावरच्या आबांनी दोन्हीकडून नीट न्याहाळली.

"केवढ्याला पडली?"

त्यानं आकडा सांगितला.

"एवढ्या पैशात स्टँड सुदिक दिलं न्हाय व्हय?"

"वजन वाढतं हो, आजोबा."

"आन् कॅरियर?"