पाच पौंडांची गोष्ट

जयपूरच्या प्रताप नगरात माझी ताई राहते. सांगानेरचा विमानतळ जवळच. गच्चीवर गप्पा मारताना डोक्यावरून विमान गेलं, की बोलणं अर्धवट सोडून थांबायचं, ही तिथली रीतच!

गेल्या हिवाळ्यात गेले, तेव्हा घरात धुसफूस चालू होती. आठवीतल्या भाच्याला विज्ञान प्रदर्शनासाठी जेट इंजिनाची प्रतिकृती करायची होती. सामानाला चारशे रुपये हवे होते. दाजी म्हणाले, "खेळण्यांना पैसे नाहीत. आधी गणिताचे मार्क वाढव."

स्वारी रुसून गच्चीवर आली. मी एक फुगा फुगवला आणि तोंड न बांधताच सोडून दिला. "हवा मागे, फुगा पुढे. जेटचं तत्त्व हेच. इंजिन पुढून हवा ओढतं, दाबतं, तिच्यात इंधन जाळतं. तापलेला वायू मागे सुटतो आणि जाता जाता हवा दाबणारं चक्रही फिरवतो."

मग त्याला फ्रँक व्हिटलची गोष्ट सांगितली. ब्रिटिश हवाई दलातल्या या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यानं १९३० साली जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. सरकारला त्यात रस वाटला नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायची वेळ आली. सरकार देईना, व्हिटलला परवडेना. पेटंट गेलं! तरी मित्रांच्या मदतीनं त्यानं १२ एप्रिल १९३७ रोजी इंजिन चालवून दाखवलं.

तिकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन या तरुणाला विमान कारखानदार हाइन्केलनं हाताशी धरलं होतं. २७ ऑगस्ट १९३९ रोजी 'हाइन्केल १७८' हे जगातलं पहिलं जेट विमान उडालं. व्हिटलचं इंजिन आकाशात गेलं ते १५ मे १९४१ रोजी.

"मावशी, आणि आपलं?"

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात लहानपणी पाहिलेलं 'मारुत' मला आठवलं. कुर्ट टांक या जर्मन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बंगळूरला घडलेलं हे लढाऊ जेट १७ जून १९६१ रोजी उडालं. सांगाडा उत्तम, पण त्याच्या तोडीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. तरीही १९७१ च्या युद्धात मारुत याच राजस्थानच्या आघाडीवर लढलं.

दाजी जिन्यात उभे राहून ऐकत होते. बोलले काहीच नाहीत. सकाळी भाच्याच्या कंपासपेटीत चारशे रुपये निघाले.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. पंखा ऐनवेळी अडकला. पण ताई सांगते, हल्ली विमान गेलं की दाजीही मान वर करून पाहतात.