पत्रांचा पिनकोड

आमच्या मंडळाची मेलिंग लिस्ट म्हणजे लग्नघर. सगळे एकदम बोलणार! कुणी कवितेचा मसुदा पाठवतं, त्यावर वीस जण 'वा! वा!' करतात, आणि त्या गर्दीत परीक्षेच्या फॉर्मची मेल कुठे बुडते ते कळतसुद्धा नाही. म्हणून यंदा मी फिल्टर लावायचं ठरवलं.

फिल्टर म्हणजे टपाल वेगळं करणारा माणूस. पण त्याने पत्र ओळखायचं कशावरून? पाठवणारा बघावा, तर लिस्टवर दर वेळी निराळा. 'टू'चा रकाना बघावा, तर कुणी लिस्टचा पत्ता 'सीसी'त टाकतं, कुणी 'बीसीसी'त. राहता राहिलं विषयाच्या आधी चौकटी कंसात येणारं मंडळाचं नाव. पण ते तर कुणीही खोडू शकतं.

इथे मला श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा अनेक. म्हणून त्यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. नावावरून अंदाज बांधायचा नाही, ठरलेली खूण बघायची.

मेललाही अशी खूण असते, 'लिस्ट-आयडी'. 2001 साली तिचं प्रमाण ठरलं. ती लिहिणारा नाही, लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर लावतं. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' उघडलं की वरच्या ओळींत सापडते. फिल्टरच्या 'हॅज द वर्ड्स' रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'लिस्ट', मग कोलन आणि ती खूण लिहायची, पुढे लेबल निवडायचं. 'स्किप द इनबॉक्स' निवडलं नाही, तर लेबल लागतं पण गर्दी तिथेच राहते.

याचा खरा उपयोग मला महिन्याभरात कळला. माझ्या ललितावर इंदूरच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंनी लिस्टवर न लिहिता थेट मलाच उत्तर धाडलं. विषय तोच, चौकटी कंसही तोच. फिल्टर विषयावर असता, तर ते पत्र बाकीच्या 'वा! वा!'खाली गेलं असतं. पण ते लिस्टमधून आलंच नव्हतं, त्यामुळे त्यावर लिस्ट-आयडी नव्हती, आणि ते इनबॉक्सात समोर राहिलं. 'ओसरी' हा शब्द त्यांच्या घरी कसा वापरत, ते त्यांनी सविस्तर लिहिलं होतं. शेवटी एक ओळ : "परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी तुझं उत्तर वाचता आलं तर बरं वाटेल."

मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं.

लिस्टवरचं बोलणं चार दिवसांनी वाचलं तरी चालतं. आपल्या एकट्याला आलेलं पत्र तेवढं थांबत नाही. तेव्हा आज मंडळाची एक मेल उघडा आणि ती ओळ शोधून बघा.