मेनूकार्डाबाहेरचं जेवण

दुपारी तीन-साडेतीनला हॉटेलातली गर्दी ओसरते आणि मग तिथली माणसं स्वतः जेवायला बसतात. मला ती वेळ फार आवडते. साध्या हॉटेलात आडोसा नसतो. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या टेबलावर एक पातेलं येतं. वेटर, आचारी, भांडी घासणारा मुलगा, सगळे त्याच्याभोवती बसतात. त्या पातेल्यात जे असतं, ते बहुतेक वेळा मेनूकार्डावर नसतं.

तिकडे लक्ष जायची सवय लालबागची. आमच्या चाळीतल्या एक काकू गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. गिरणगावात अशा खानावळी घरोघरी होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांची सावकारापासून सुटका होऊ लागली. मेंबरांना काकू बांगड्याचं तिखलं आणि भात वाढायच्या. सगळे उठले की स्वतः उकड्या तांदळाची पेज घेऊन बसायच्या, सोबत भाजलेली सुकट. 1982चा गिरणी कामगारांचा संप लांबला, मेंबर गावी गेले, आणि काकूंचं येणं वहीतच राहिलं.

कॉलेजच्या दिवसांत माटुंग्याची ओढ लागली. रामा नायकांचं 1942 पासूनचं श्रीकृष्ण बोर्डिंग, केळीच्या पानावरचं पोटभर जेवण! मुंबईतल्या उडुपी हॉटेलांत दक्षिण कानड्यातून आलेली कितीतरी पोरं दिवसा कपबशा उचलत आणि संध्याकाळी रात्रशाळेत बसत. त्या भागातल्या एका छोट्या हॉटेलात मी दुपारी उशिरा जाई. डोसे-इडल्या गिऱ्हाइकांना वाढून झाल्या की ती मुलं लाल उकड्या तांदळाची गंजी आणि कैरीचं लोणचं घेऊन बसत. काकूंचीच पेज, फक्त सुकट नाही.

नोकरीनं लंडनला नेलं, तिथे ‘इंडियन’ पाटीखाली बांगलादेशातल्या सिल्हेटची माणसं भेटली. तिथल्या बहुतेक करी हाउसांमागे तीच आहेत. त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले अनेक जण इंग्रजी बोटींवर खलाशी म्हणून राबले होते. खरं तर लंडनमधलं पहिलं हिंदी उपाहारगृह 1810 साली पाटण्याच्या दीन महंमद यांनी काढलं आणि दोनच वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. सिल्हेटी मंडळी टिकली. कांद्याचा रस्सा मोठ्या हंड्यात उकळत ठेवायचा आणि त्यातूनच कोरमा, मद्रास, विंदालू काढायचा, ही त्यांची रीत. तिला खोटं भारतीय जेवण म्हणून नाकं मुरडणारी आपली माणसं भेटली की मला राग येतो. त्या हंड्यावर कितीतरी घरांतली मुलं शिकली आहेत.

आणि मागे ते खात काय? हाडांचं मटण, त्यात शातकरा नावाचं जाड सालीचं लिंबू. किंवा शुटकी, म्हणजे आपली सुकी मासळीच. ब्रिक लेनवरच्या एका हॉटेलात तो वास आला आणि मी ताट मागितलं. “आपा, हे तुम्हाला चालेल?” वेटरनं दोनदा विचारलं. चालेल म्हणजे काय, माझं बालपण त्या वासात गेलंय.

थाई जेवण मला लंडनच्या पबांमध्ये सापडलं. केन्सिंग्टनच्या चर्चिल आर्म्ससारख्या पबांनी स्वयंपाकघरं थाई आचाऱ्यांच्या हाती दिली आणि स्वस्तातलं गरम जेवण मिळू लागलं. हिरव्या करीत नारळाचं दूध, गवती चहा. कोकणातल्या माणसाला ती परकी वाटतच नाही. जगभर थाई उपाहारगृहं वाढावीत म्हणून थायलंडच्या सरकारनं या शतकाच्या सुरुवातीला मोहीमच काढली. कुठेही गेलं तरी तीच हिरवी-लाल करी आणि पाड थाई दिसते, त्यात या मोहिमेचाही वाटा असावा. पण आमच्या भागातल्या पबातल्या बायका ईशान्य थायलंडच्या, इसानच्या. त्यांच्या जेवणात चिकट भाताचे बोटांनी वळलेले घास, खलात कुटलेली कच्च्या पपईची कोशिंबीर, त्यात सुका जवळा आणि आंबवलेल्या माशांचं पाणी. मिरच्या इतक्या की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या हसल्या आणि भाताची टोपली माझ्यापुढे सरकवली.

घर सोडून आलेल्या माणसांनी मला गावोगावी जेवू घातलं आणि आपल्या जिभेचं तेवढं मागे ठेवलं. गिऱ्हाइकाला वास सोसणार नाही, ही भीती. काकूही सुकट भाजताना खिडकी उघडायच्या.

आता थोडं बदलतंय. लंडनच्या काही मेनूकार्डांवर इसानची पपई तिच्या त्या उग्र वासासकट दिसते, शातकरा घातलेलं मटणही. एका ठिकाणी शुटकीचं भर्त आलंय. मालकाची मुलगी म्हणाली, अब्बा अजून कुरकुरतात, कोण मागवणार म्हणून. मी तर दर खेपेला मागवते, आणि सोबत कुणी असेल तर त्यालाही मागवायला लावते.