शटडाऊन म्हणजे बंद नव्हे

लॅपटॉप बंद कसा करावा, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवत नाही. शिकवायचंय काय त्यात, असं तुम्हीही म्हणाल. मीही आजवर हापिसातून निघताना झाकण लावतो आणि लॅपटॉप ब्यागेत कोंबतो. (त्याला बंद करणं म्हणत नाहीत, झोपवणं म्हणतात. आणि हल्लीचे काही लॅपटॉप झोपेतही अर्धवट जागे असतात. म्हणून तर कधीकधी घरी पोचेपर्यंत ब्याग इस्त्रीसारखी तापलेली असते.)

आमचे बाबा मात्र बटणं बंद करणाऱ्या पिढीतले. रात्री गॅसचा रेग्युलेटर, टीव्हीचं मेन बटण आणि मग लॅपटॉप: सगळ्या फायली बंद, स्टार्ट, शटडाऊन, स्क्रीन काळी होईपर्यंत समोर बसून राहणार, मग भिंतीवरचं बटण. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, हिशोब मिटवल्याशिवाय उठायचं नाही.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची घाई सुरू होते. बाबांनी बोटाचा ठसा घेणारं यंत्र विकत घेतलंय आणि कॉलनीतल्या मित्रांचे दाखले ते घरीच काढून देतात. चहासकट, फुकट. या वर्षी नेमके चारजण हॉलमध्ये बसलेले असताना लॅपटॉपला ते यंत्र दिसेना. मला फोन.

"रीस्टार्ट केला का?"

"अरे, रात्रीच बंद केला होता. सकाळी चालू केलाय."

पलीकडून कुणीतरी "राहू दे हो, बँकेत जातो आम्ही" म्हणालं, तेव्हा बाबांचा आवाज पडला. मी त्यांना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली 'अप टाइम' वाचायला सांगितलं.

"१९ दिवस म्हणतोय हा. रोज बंद करतो मी!"

आणि ते शंभर टक्के खरं बोलत होते. भानगड अशी, की २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' आलं. तेव्हापासून शटडाऊन म्हटलं की विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, तुम्हाला लॉग आऊट करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवरच्या हायबरफिल नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. सकाळी तेच परत उचलतं. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर पुन्हा अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे 'बंद' पेक्षा 'पुन्हा चालू' जास्त बंद करतं! हार्ड डिस्कच्या जमान्यात यात बराच वेळ वाचायचा. एसएसडीवर चार-दोन सेकंद वाचत असतील. पण मेनूतल्या शब्दाचा अर्थ परस्पर बदलला आणि इमानदारीत तो शब्द दाबणाऱ्याला पत्ताच नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

रीस्टार्ट केल्यावर यंत्र दिसलं. चारही आजोबांचे अंगठे उमटले.

तर, खरोखर बंद करायचा असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊन म्हणा. कायमचाच उपाय हवा असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची सेटिंग, तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. (ती आधी फिकट दिसते, वरच्या निळ्या ओळीवर टिचकी मारा.) बटण दाबून धरणं हा उपाय फक्त सगळं गोठल्यावर. त्यात अर्धवट लिहिलेली फाईल जाऊ शकते. अपडेट चालू असताना तर हातच लावू नका.

बाबांना मी दिवाळीत येऊन खूण काढून देतो म्हटलं होतं. त्यांनी थांबायचं नाकारलं, फोनवर विचारत विचारत स्वतःच काढली. आता सकाळी चहाबरोबर अप टाइम बघतात. परवा मेसेज आला, "० दिवस, ४ मिनिटं. तुझा किती?"

माझा ३३ दिवस निघाला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.