केडगावचे मुक्तिसदन

मालाडहून दादर, दादरहून पुणे आणि तेथून दौंडच्या गाडीने केडगाव. येथे उतरणारे बहुतेक जण नारायणमहाराजांच्या बेटाची वाट धरतात. मी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाकडे वळलो.

१८८९ साली मुंबईत शारदासदन काढणाऱ्या या बाईंनी पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आणि विधवा आपल्याबरोबर आणल्या. बाईंच्या ख्रिस्ती होण्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले! ज्यांना तो वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. पण त्या मुलींना आपल्यापैकी कोणी दारात उभे केले असते काय?

मराठी शिकवणाऱ्याला येथला छापखाना अधिक ओढतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी बायबल सोप्या मराठीत आणले, आणि त्याच्या छपाईला हात लागले ते आश्रमातल्याच बायकांचे. १९२२ च्या एप्रिलात बाई गेल्या. निराधार बायकामुलांना तेथे आजही आसरा मिळतो.